व्हेलोसिओ : चढावरच्या सामान्य सायकलस्वाराचा कैवारी

फ्रान्सच्या आग्नेय भागात, ल्यों शहराच्या दक्षिणेस, रोन नदीच्या उजव्या तीरालगत पिला नावाची डोंगररांग आहे. तिच्या नदीकडील उतारांवर दगडी बांध घालून द्राक्षांचे मळे पायऱ्यापायऱ्यांनी चढवले आहेत. आँपुई येथील कोत-रोती आणि शेजारच्या काँद्रियू येथील वाइन याच मळ्यांतून येते. रांगेच्या पलीकडे कोळसा, शस्त्रे, रेशमी फिती आणि सायकली यांसाठी ख्याती पावलेले सेंत-एतिएन हे औद्योगिक शहर आहे. या दोन बाजूंना जोडणाऱ्या जंगलवाटा, मळ्यांमधले मुरमाचे रस्ते आणि डोंगरी खिंडी आता ग्रॅव्हल सायकलिंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छंदासाठी जणू मुद्दाम घडवल्या आहेत.

ग्रॅव्हल म्हणजे खडी. डांबरी रस्ता सोडून खडीच्या आणि मातीच्या वाटांनी लांबचा प्रवास करणे, असे या छंदाचे स्वरूप आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीमुळे त्याला प्रसिद्धी मिळाली आणि २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्यासाठीच्या सायकलीला रुंद टायर असतात, अवघड चढासाठी हलके गिअर असतात आणि सामान बांधण्याची सोय असते. ही सायकल नव्या काळातील शोध म्हणून विकली जाते. मात्र तिच्यामागील जवळजवळ प्रत्येक कल्पनेचा पुरस्कार सेंत-एतिएनमधील एका दुकानदाराने शंभर वर्षांपूर्वीच केला होता आणि त्याबद्दल उपहासही सोसला होता. त्यांचे नाव पॉल द व्हिवी. वाचक मात्र त्यांना व्हेलोसिओ या टोपणनावाने ओळखत.

संकटग्रस्त प्रदेशातील जन्म

पॉल द व्हिवी यांचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी व्होक्ल्यूझ जिल्ह्यातील पर्न या गावी झाला. कारंज्यांच्या विपुलतेमुळे आज हे गाव पर्न-ले-फोंतेन या नावाने ओळखले जाते. गावाच्या ईशान्येस माँ व्हाँतू हा सुमारे १९०० मीटर उंचीचा एकाकी पर्वत उभा आहे. त्याचा माथा पांढऱ्या चुनखडीच्या दगडगोट्यांनी झाकलेला असल्यामुळे उन्हाळ्यातही तेथे बर्फ पडल्याचा भास होतो. याच पर्वताने पुढे व्हिवी यांना पुनःपुन्हा आपल्याकडे ओढून घेतले.

त्यांच्या बालपणी आणि तारुण्यात या प्रदेशावर एकामागून एक तीन संकटे कोसळली. रेशमाच्या किड्यांना रोग जडला. त्याचा अभ्यास करण्यासाठी लुई पाश्चर यांना १८६५ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये पाठवण्यात आले होते. त्याच दशकात फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या सूक्ष्म किडीने रोन खोऱ्यातील द्राक्षमळे उद्ध्वस्त करण्यास आरंभ केला. लाल रंगासाठी पिकवली जाणारी मंजिष्ठा हे व्होक्ल्यूझचे तिसरे नगदी पीक. १८६९ च्या सुमारास तोच रंग रसायनशाळेत तयार होऊ लागला आणि काही वर्षांतच तिची शेती मोडीत निघाली. सुस्थिर वाटणारा धंदा पाहता पाहता नाहीसा होऊ शकतो, हे अशा प्रदेशातील माणसाला वेगळे सांगावे लागत नसे.

व्हिवी यांनी रेशमाचा व्यवसाय पत्करला. उमेदवारी संपवून वयाच्या तिशीपूर्वीच त्यांनी स्वतःचा व्यापार सुरू केला. ग्रीक आणि लॅटिन अभिजात साहित्याची त्यांना मनापासून आवड होती व ती अखेरपर्यंत टिकली. आयुष्य याच वाटेने गेले असते तर ते एक सुखवस्तू, बहुश्रुत व्यापारी म्हणून विस्मृतीत गेले असते.

रेशमाकडून सायकलीकडे

१८८१ मध्ये त्यांनी पहिली सायकल घेतली. पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच आणि मागचे अगदी लहान, अशी ती त्या काळची सायकल होती. पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असत, चेन नसे. अशा सायकलीवरून पडणे म्हणजे उंचावरून डोक्यावर पडणे. ती चालवणे हे धाडसी तरुणांचेच काम समजले जाई. व्हिवी यांना मात्र तिच्यामध्ये साहसापेक्षा प्रवासाची शक्यता अधिक दिसली.

रेशमाच्या व्यापारामुळे त्यांचा सेंत-एतिएनशी आणि इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीशी संबंध आला. कॉव्हेंट्री हे त्या वेळी सायकलनिर्मितीचे प्रमुख केंद्र होते. तेथे दोन समान चाकांची, मागच्या चाकाला चेनने गती देणारी नवी सायकल आकारास येत होती. सेंत-एतिएनमध्येही बंदुका घडवणारे कुशल कारागीर होते. लोखंडी नळ्या, स्प्रिंगा आणि बारीक सुटे भाग तयार करण्यात त्यांचा हातखंडा होता. याच शहरात गोतिए बंधूंनी १८८६ मध्ये सायकल तयार केली आणि पुढील काळात हे शहर फ्रेंच सायकल उद्योगाची राजधानी ठरले.

१८८७ मध्ये व्हिवी यांनी रेशमाचा धंदा सोडून सायकलींचे दुकान थाटले. इंग्लंडहून सायकली आणवून त्या विकण्यास त्यांनी सुरुवात केली. त्याच वर्षी त्यांनी एक मासिकही काढले. परिसराच्या फोरे या नावावरून ते आरंभी ‘ल सिक्लिस्त फोरेझियाँ’ या नावाने निघत असे. पुढे ते केवळ ‘ल सिक्लिस्त’, म्हणजे सायकलस्वार, या नावाने देशभर वाचले जाऊ लागले. चौतिसाव्या वर्षी चालता व्यवसाय सोडून, ज्याचे भवितव्य कोणालाच सांगता येत नव्हते अशा वाहनावर त्यांनी आपला प्रपंच सोपवला.

‘ल सिक्लिस्त’मध्ये शर्यतींच्या निकालांना फारसे महत्त्व नव्हते. प्रवासाची वर्णने, रस्त्यांची अवस्था, चढांची उंची, लागलेला वेळ, वाटेत घेतलेला आहार आणि सायकलीच्या भागांविषयीचे अनुभव यांनी अंक भरलेले असत. वाचक आपले प्रयोग लिहून कळवत, संपादक त्यांवर आपले मत देत आणि पुढच्या अंकात दुसरा वाचक त्याचे खंडन करी. या पत्रव्यवहारातून कारागीर, शिक्षक, कारकून, डॉक्टर अशा सामान्य नोकरदार-व्यावसायिकांचा एक समुदाय तयार झाला. पुढे त्याला सेंत-एतिएनचा संप्रदाय असे नाव मिळाले.

एका चढाने दिलेला धडा

सेंत-एतिएन शहर सभोवतालच्या डोंगरांनी वेढलेले आहे. दक्षिणेकडे, रोन खोऱ्याकडे जायचे तर कोल द ला रेप्युब्लिक ही खिंड ओलांडावी लागते. जुन्या अरण्यावरून तिला ग्राँ-ब्वा असेही म्हणतात. तिची उंची ११६१ मीटर आहे. शहरातून निघाल्यावर सहाशेहून अधिक मीटरचा चढ चढल्याशिवाय माथा येत नाही. त्या काळी या रस्त्यावर डांबर नव्हते. दाबून बसवलेली खडी, उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल, अशी त्याची अवस्था असे.

१८८९ च्या सुमारास व्हिवी यांनी ‘गोल्वाझ’ नावाची स्वतःची सायकल बाजारात आणली. तिला एकच गिअर होता. याच खिंडीच्या चढावर ते पाइप ओढत संथपणे चालले असता त्यांच्याच मासिकाचा एक तरुण वाचक त्यांना मागे टाकून पुढे निघून गेला, अशी हकीकत सांगितली जाते. या प्रसंगाने त्यांना एक प्रश्न दिला. शरीराला अधिक न शिणवता चढावर अधिक चांगले कसे जाता येईल, हा तो प्रश्न. पुढील चाळीस वर्षे ते त्याचेच उत्तर शोधत राहिले.

हा प्रश्न समजण्यासाठी थोडे गणित पाहावे लागते. पायडलजवळच्या दातेरी चक्राला ४४ दाते आणि मागच्या चाकावरील चक्राला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाक सुमारे अडीच वेळा फिरते. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर सायकल सुमारे ५ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे प्रमाण उत्तम. मात्र तीव्र चढावर प्रत्येक फेरीला स्वतःचे व सायकलीचे वजन ५ मीटर अंतर वर ओढणे सामान्य माणसाला झेपत नाही. तो उतरून चालू लागतो. दोन्ही चक्रांचे दाते समान असतील तर एका फेरीत सायकल २.१ मीटरच जाते. फेऱ्या दुपटीहून अधिक माराव्या लागतात, परंतु प्रत्येक फेरीला लागणारे बळ निम्म्याहून कमी होते. गुडघे आणि छाती यांना सोसेल अशा गतीने चढ पार होतो.

गणित सोपे होते. धावत्या सायकलीत हे प्रमाण बदलायचे कसे, ही खरी अडचण होती. व्हिवी यांनी प्रथम पायडलजवळ लहान-मोठी दोन चक्रे बसवली. चढ आला की चेन हाताने एका चक्रावरून दुसऱ्यावर घ्यायची. नंतर त्यांनी सायकलीच्या डाव्या बाजूसही अशीच व्यवस्था केली आणि दोनाचे चार गिअर झाले. इंग्लंडमधील व्हिपेट सायकलीची गिअर बदलणारी रचनाही त्यांनी आपल्या दुहेरी चक्राला जोडून पाहिली. त्यांच्या भोवतालच्या कारागिरांनी इतरही वाटा चोखाळल्या. सेंत-एतिएनच्या एका मोठ्या कारखान्याने काढलेल्या ‘इरोंदेल’ सायकलीच्या एका प्रकारात तर पायडल उलटे फिरवले की चढासाठीचा हलका गिअर लागत असे.

चेन चालत्या सायकलीवरच बाजूस ढकलून एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा, म्हणजेच आजचा डिरेलर, याच वातावरणात घडत गेली. जोआनी पानेल यांचा ‘शमिनो’ आणि त्यानंतर १९२० च्या दशकात आल्बेर रेमों यांचा ‘सिक्लो’ हे सेंत-एतिएनमध्येच तयार झाले. डिरेलरचा एकमेव जनक म्हणून कोणा एकाचे नाव घेता येत नाही. व्हिवी यांचे कार्य वेगळ्या स्वरूपाचे होते. प्रत्येक नवी युक्ती ते स्वतः शेकडो किलोमीटर वापरून पाहत, तिचे गुणदोष छापत आणि शोधकाला पुढच्या सुधारणेस प्रवृत्त करत.

पराक्रम की प्रवास

या प्रयोगांना कडवा विरोध झाला. विरोधकांमध्ये सर्वांत प्रभावी नाव होते आँरी देग्रांज यांचे. देग्रांज स्वतः नामांकित सायकलपटू होते. ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचे ते संपादक होते आणि १९०३ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू झाली. शर्यत हा माणसाच्या स्नायूंचा कस पाहणारा सामना आहे, यंत्राच्या युक्तीने जिंकणे हे त्यात बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहे, असा त्यांचा टोमणा त्या काळात गाजला. खुद्द व्हिवी तेव्हा पन्नाशीला टेकले होते.

हा वाद केवळ यंत्राचा नव्हता. सायकल कोणासाठी आहे, हा त्यामागचा मूळ प्रश्न होता. देग्रांज यांच्या दृष्टीने ती असामान्य देहाच्या माणसाने असामान्य पराक्रम करण्याचे साधन होती. इतरांनी तो पराक्रम रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहावा आणि दुसऱ्या दिवशी दैनिकात वाचावा. व्हिवी यांना वाटत होते की, शाळामास्तराने, गृहिणीने, प्रौढ कारकुनानेही आपल्या बळावर डोंगर ओलांडावा. त्यासाठी यंत्राची मदत घेणे हा त्यांच्या लेखी कमीपणा नव्हता.

या मताची कसोटी १९०२ मध्ये लागली. तूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेने पिरेनीज पर्वतात प्रवासी सायकलींची स्पर्धा घेतली. तिच्या मार्गात तुर्माले ही २११५ मीटर उंचीची खिंड होती. मार्त हेस या महिलेने गिअर असलेल्या ‘गोल्वाझ’ सायकलीवर, कोठेही पाय जमिनीला न लावता, ही चढण पूर्ण केली. आठ वर्षांनी, १९१० मध्ये, टूर द फ्रान्स प्रथमच तुर्मालेवर गेली. तेव्हा एका गिअरच्या सायकलींवर आलेल्या व्यावसायिक शर्यतपटूंपैकी बहुतेकांना चढाचा काही भाग सायकल ढकलत चालावे लागले. विजेते ऑक्टाव्ह लापीझ हेही त्यांपैकीच होते. ग्युस्ताव्ह गारिगू यांनी न उतरता चढ पूर्ण केला म्हणून त्यांना वेगळे पारितोषिक देण्यात आले.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की वादाचा निकाल स्पष्ट दिसतो. प्रत्यक्षात तो लागण्यास आणखी बराच काळ जावा लागला. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोपर्यंत शर्यतपटू पर्वताच्या पायथ्याशी थांबत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर चेन चढवून पुढे निघत. व्हिवी यांना जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

व्हिवी यांची आवडती खिंडही शर्यतीच्या वाट्याला आली होती. १९०३ च्या पहिल्याच टूरमध्ये ल्यों ते मार्सेय हा टप्पा कोल द ला रेप्युब्लिकवरून गेला. या शर्यतीने ओलांडलेली हजार मीटरहून उंच अशी ती पहिली खिंड होय. पुढच्या वर्षी रात्रीच्या अंधारात याच चढावर स्थानिक स्पर्धकाच्या समर्थकांनी त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर हल्ला केला आणि मोठी दंगल झाली. ज्या चढाने व्हिवी यांना शरीर राखण्याचा विचार दिला, तेथेच ईर्षेने लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले.

मळ्यांच्या वाटेवर, पण वाइनविना

व्हिवी यांचा प्रवास बहुधा रात्रीच सुरू होई. घोडागाड्यांची वर्दळ ओसरलेली असे आणि उन्हाचा ताप नसे. ओळखीचा प्रदेश न थांबता ओलांडून दूरच्या प्रदेशात पहाटे पोहोचायचे आणि मग तेथील निसर्ग निवांतपणे पाहायचा, अशी त्यांची पद्धत होती. दिवस-रात्र मिळून तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर ते आणि त्यांचे सोबती कापत. साठी उलटल्यावरही हा क्रम सुटला नाही.

त्यांची सर्वांत लाडकी वाट जन्मभूमीकडे जाणारी होती. ग्राँ-ब्वाच्या देवदारसदृश वृक्षांच्या अरण्यातून माथा गाठायचा, मग बुर-आर्जांतालकडे लांबलचक उतार. पुढे आनोने लागते. माँगोल्फिए बंधूंनी १७८३ मध्ये याच गावातून गरम हवेचा फुगा आकाशात सोडला होता. तेथून रस्ता रोन नदीच्या काठी उतरतो. नदीच्या दोन्ही बाजूंस टेकड्यांवर मळे आहेत. ताँ-लेर्मिताझ गावामागची टेकडी वाइनसाठी जगप्रसिद्ध आहे. खोरे जसजसे दक्षिणेकडे जाते तसतशी हवा कोरडी होते, ऑलिव्हची झाडे दिसू लागतात आणि मिस्त्राल हा उत्तरेचा थंड, जोरकस वारा पाठीला लागतो. जाताना मित्र असणारा हा वारा परतताना शत्रू होतो. अखेरीस माँ व्हाँतू दिसू लागतो. सेंत-एतिएनपासून हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर भरते. ईस्टरच्या सुटीत सोबत्यांसह प्रोव्हान्समध्ये जाणे हा व्हिवी यांचा वार्षिक परिपाठ बनला. रात्रभर सायकल चालवून व्हाँतूच्या माथ्यावरून सूर्योदय पाहण्याची त्यांना विशेष ओढ होती.

द्राक्षमळ्यांमधून आयुष्यभर फिरणारा हा माणूस प्रवासात वाइनला स्पर्श करत नसे. पुढे पाइपही त्यांनी सोडला. ते शाकाहारी झाले. फ्रान्समध्ये त्या काळी शर्यतपटूसुद्धा वाइन आणि मांस हेच शक्तीचे उगम मानत. म्हणूनच व्हिवी यांच्या आहाराची कुचेष्टा गिअरपेक्षाही अधिक झाली असल्यास नवल नाही. त्यांनी तिला उत्तर दिले ते लांब पल्ल्याच्या प्रवासांनी आणि त्यांच्या बारीकसारीक नोंदींनी.

या अनुभवाचे सार त्यांनी प्रवासी सायकलस्वारासाठी सात नियमांत मांडले. थांबे कमी आणि थोडक्यात घ्यावेत, भूक लागण्यापूर्वी खावे आणि तहान लागण्यापूर्वी प्यावे, भूक व झोप उडेल इतके दमू नये, थंडी वाजण्यापूर्वी अंगावर घ्यावे आणि उकडण्यापूर्वी काढावे, निदान प्रवासात तरी वाइन, मांस आणि तंबाखू वर्ज्य करावेत, सुरुवातीच्या तासांत अंगात जोर वाटला तरी तो उधळू नये, आणि केवळ दिमाख दाखवण्यासाठी कधीही पायडल मारू नये, असा त्यांचा आशय आहे. यातील आहार व विश्रांतीविषयीचे नियम आजही लांब पल्ल्याचे सायकलस्वार पाळतात. अखेरचा नियम पाळणे मात्र सर्वांत कठीण आहे, हे अनेकांना अनुभवाने कळते.

टायरविषयीही त्यांचे मत काळाच्या विरुद्ध होते. अरुंद आणि टणक टायर वेगवान असतो, अशी सार्वत्रिक समजूत होती. खडीच्या रस्त्यावर असा टायर प्रत्येक दगडावर उडतो, स्वाराला हादरे बसतात आणि त्यात शक्ती वाया जाते. रुंद, मऊ टायर दगड पोटात घेतो आणि सायकल पुढे जात राहते. लहान व्यासाची चाके आणि रुंद टायर वापरून व्हिवी यांनी लांबचे प्रवास केले आणि त्यामुळे वेग घटत नसल्याचे प्रतिपादन केले. रस्ते डांबरी झाल्यावर हा मुद्दा मागे पडला. लोक पुन्हा कच्च्या वाटांवर उतरले तेव्हा त्याची सत्यता नव्याने पटली.

अखेरचे दिवस

वय वाढले तरी व्हिवी यांचा दिनक्रम बदलला नाही. पहाटे उठून अभिजात ग्रंथांचे वाचन, त्यानंतर मासिकाचे काम आणि वाचकांची पत्रे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका हा त्यांचा आवडता लेखक होता. एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेचेही ते समर्थक होते. देशोदेशींच्या प्रवाशांनी एकमेकांशी बोलावे, ही त्यामागील इच्छा त्यांच्या सायकलविषयक विचाराशी सुसंगत होती.

त्यांच्या चाहत्यांनी १९२२ मध्ये सेंत-एतिएनहून कोल द ला रेप्युब्लिकपर्यंत सायकलने चढून जाण्याचा सोहळा त्यांच्या नावाने सुरू केला. लहान मुले, स्त्रिया, वृद्ध, दोघांनी मिळून चालवायच्या सायकली, सर्वांना त्यात स्थान होते. व्हिवी स्वतः त्या मेळ्यात वावरत.

२७ फेब्रुवारी १९३० रोजी सेंत-एतिएनमध्ये सायकल हातात धरून पायी जात असताना त्यांना ट्रामची धडक बसली आणि त्यांचा मृत्यू झाला. ते शहाहत्तर वर्षांचे होते. अंधाऱ्या घाटांतून आणि बर्फाळ उतारांवरून अर्धे शतक प्रवास केलेल्या माणसाला मृत्यू आला तो स्वतःच्या शहरातील गजबजलेल्या रस्त्यावर. रस्त्यांचा ताबा तोपर्यंत वेगवान यंत्रांकडे जाऊ लागला होता.

उरलेला वारसा

‘ल सिक्लिस्त’ त्यांच्या पश्चातही अनेक दशके प्रकाशित होत राहिले. खिंडीच्या माथ्यावर त्यांचे स्मारक उभे आहे. सेंत-एतिएनच्या कला व उद्योग संग्रहालयात फिती, शस्त्रे आणि सायकली या शहराच्या तीन व्यवसायांचे संग्रह एकत्र पाहावयास मिळतात. रेशीम सोडून सायकलीकडे वळलेल्या व्हिवी यांच्या जीवनाचा मार्गही तेथे आपोआप उलगडतो.

पॅरिसमधील ऑडॅक्स क्लब पारिझियाँ या संस्थेने १९४७ मध्ये ‘फ्लेश व्हेलोसिओ’ हा उपक्रम सुरू केला. फ्लेश म्हणजे बाण. तीन ते पाच सायकलींचे गट ईस्टरच्या काळात वेगवेगळ्या ठिकाणांहून निघतात आणि चोवीस तासांत किमान ३६० किलोमीटर अंतर कापून दक्षिणेतील एका ठिकाणी एकत्र येतात. व्हिवी यांच्या रात्रीच्या प्रोव्हान्स यात्रेचीच ही स्मृती आहे. याच संस्थेने १९२१ पासून ज्याने त्याने आपापल्या गतीने पूर्ण करावयाचे लांब पल्ल्याचे ‘ब्रेव्हे’ सुरू केले होते. त्यांत क्रमांक काढले जात नाहीत. ठरलेल्या वेळेत पोहोचलेला प्रत्येक जण सारखाच यशस्वी मानला जातो. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते.

भारतातही मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू आदी शहरांतून या संस्थेच्या नियमांनुसार ब्रेव्हे होतात. घाट चढताना हलका गिअर टाकून शांतपणे पायडल मारणारा, भूक लागण्यापूर्वी खिशातला खाऊ तोंडात टाकणारा आणि पुढे गेलेल्या सोबत्याची ईर्षा न करणारा सायकलस्वार व्हेलोसिओचे नाव ऐकलेले नसतानाही त्यांचेच नियम पाळत असतो.

पिलाच्या उतारांवर, रोनच्या काठी जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत जाणाऱ्या ८१५ किलोमीटरच्या ‘व्हिया रोना’ मार्गावर आणि आर्देश भागात जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी झालेल्या ‘दोल्चे व्हिया’ या खडीच्या वाटेवर आज नाना वयाचे प्रवासी सायकलस्वार दिसतात. त्यांच्यापैकी फार थोडे शर्यतपटू असतात. मार्गात चढ आला की ते बोटाने एक कळ दाबतात, चेन मोठ्या चक्रावर सरकते आणि सायकल न थांबता वर जात राहते. कोणी त्यांना दुबळे म्हणत नाही. ही साधी गोष्ट मान्य होण्यासाठी पॉल द व्हिवी यांनी आपले उभे आयुष्य वेचले.